ताईच्या त्रेचाळीस कवट्या

माझी ताई मेलेले डॉल्फिन धुते. गेली चौतीस वर्षं तिचा हाच उद्योग. कुणी विचारलं की मी एका वाक्यात हे सांगतो, आणि मग समोरच्याचं तोंड उघडं ते उघडंच. धुते म्हणजे काय करते? अहो, धुते म्हणजे धुते! किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन लागला की विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात फोन जातो, विभाग ताईला पाठवतो, ताई सुऱ्या घेऊन निघते. मांस उतरवते, हाडं गोणीत भरते आणि विभागाच्या मागच्या शेडमध्ये कोमट पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवते. तीन-चार महिने पाणी बदलत राहायचं. उरलंसुरलं कुजून सुटतं आणि तळाला स्वच्छ हाडं राहतात. तो वास काय सांगू तुम्हाला! मी प्लंबर, माझं आयुष्य लोकांच्या मोऱ्या उपसण्यात गेलं, पण त्या शेडमध्ये मी नाकाला रुमाल बांधल्याशिवाय पाऊल टाकत नाही. ताई तिथेच बसून डबा खाते.

कागदावर ती 'प्रयोगशाळा मदतनीस'. शाळा दहावीपर्यंत, तीही रडतखडत. आईवडील लवकर गेले, मला तिनंच वाढवलं. आठ वर्षांनी मोठी आहे, पण वागते अठ्ठावीस वर्षांनी मोठी असल्यासारखी. मी पन्नाशीला आलो, डोक्यावरचे केस गेले, माझी मुलगी चोवीस वर्षांची झाली, तरी चारचौघांत मला 'बारक्या' म्हणते. मी चिडतो. त्यावर ती म्हणते, "चिडलास की अगदी पाचवीतला दिसतोस."

पण तिच्या हातांबद्दल मी कुणाला वेडंवाकडं बोलू देणार नाही. ते हात मी पाहिलेत.

डॉल्फिनला पाय नसतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण शेपटीच्या अलीकडे, पोटाखालच्या मांसात, बोटाएवढी दोन हाडं असतात. ती मणक्याला जोडलेली नसतात, कशालाच जोडलेली नसतात, नुसती मांसात अडकून असतात. बाकी ठिकाणी ही हाडं मांसाबरोबर फेकली जातात, कारण दिसतच नाहीत. ताई कोपरापर्यंत हात आत घालते, डोळे मिटते, आणि अंधारात चप्पल शोधावी तशी चाचपडत राहते. मग एकदम थांबते. हात बाहेर येतो तेव्हा तळव्यावर ते हाड असतं. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा म्हणाली, "ही बघ कंबर."

मी म्हणालो, "माशाला कंबर कशाला?"

"मासा म्हणालास तर थोबाडीत देईन. पिल्लाला दूध पाजतात या. यांचे पूर्वज चार पायांवर चालत होते बारक्या, पाणघोड्याच्या भाऊबंदांतले. कधीतरी पाण्यात उतरले ते उतरलेच, परत वर आले नाहीत. पाय गेले. कंबर तेवढी अजून आहे."

"कधी उतरले?"

"पाच कोटी वर्षं झाली म्हणतात."

मी ते हाड हातात घेतलं. वजन काहीच नाही, वाळक्या काडीएवढं. पाच कोटी वर्षं चालायला ज्याचा काही उपयोग नाही ते हाड प्रत्येक आई आपल्या पिल्लाला देत आली, आणि ते आज माझ्या, पाना धरून घट्टे पडलेल्या हातात होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी ते पटकन ताईला परत दिलं, माझ्या हातून पडेल अशी भीती वाटली.

धुतलेल्या कवट्या तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत असतात. लोखंडी मांडण्या, पुठ्ठ्याची खोकी, प्रत्येक खोक्यात एक कवटी आणि कवटीला दोऱ्यानं बांधलेलं लेबल. लेबलावर नंबर, सापडल्याची तारीख, जागा. त्या खोलीत एकूण त्रेचाळीस होत्या; गेली वीसेक वर्षं नव्या कवट्या मोठ्या संग्रहालयात जातात. ताईनं त्या डाव्या आणि उजव्या अशा दोन भिंतींना लावल्या होत्या. डावीकडे आतल्या, म्हणजे आमच्या खाडीत, किनाऱ्याला धरून राहणाऱ्या. उजवीकडे बाहेरच्या, खोल समुद्रातून वाहून आलेल्या. पुस्तकांत दोन्ही एकच. ताई म्हणायची, "एकच कशा असतील? आतलीचं तोंड बघ, निमुळतं. तळाची वाळू चावून चावून दात झिजलेले. बाहेरचीचं डोकं हाताला वेगळंच लागतं." विभागाचे साहेब म्हणायचे, "बाई, हाताला लागतं ते शास्त्र नसतं." ताई "हो साहेब" म्हणायची, आणि साहेबांची पाठ वळली की कवट्या पुन्हा डाव्या-उजव्या लावायची.

गेल्या वर्षी विभागात एक संशोधक मुलगी आली. जाड भिंगांचा चष्मा, पाठीवर हीऽऽ भली मोठी पिशवी. ताईनं पहिल्याच दिवशी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं आणि तिनं ते हसत घेतलं, यावरूनच मी ओळखलं की पोरगी चांगली आहे. तिला हेच शोधायचं होतं: खाडीतले डॉल्फिन आले कुठून, आणि बाहेरच्यांहून वेगळे आहेत का. चार वर्षं ती या कामाच्या मागे होती. खाडीतल्या जिवंत डॉल्फिनांच्या कातडीचे इवलेसे तुकडेही तिनं रीतसर परवानगीनं घेतले होते. आता तिला कवट्यांच्या दातांतली चिमूटभर पूड हवी होती.

त्या दिवशी मी प्रयोगशाळेत सिंकखाली आडवा पडून ट्रॅप, म्हणजे खालचा वाकडा पाइप, बदलत होतो. वर चष्मेवाली ताईला समजावत होती.

"मावशी, आपल्या शरीरात एक वारसा असा असतो की तो फक्त आईकडून येतो. आईकडून मुलाला आणि मुलीलाही, पण पुढे देणार ती फक्त मुलगी. म्हणजे आई, तिची आई, तिची आई, अशी सरळ ओळ मागे जाते. बाप मध्ये येतच नाही."

"बरंच आहे की," ताई म्हणाली.

"दाताच्या पुडीतून मला कळतं की कोण कुठल्या आईच्या ओळीतली. पण ती कधी आणि कुठे सापडली ते माहीत असेल तरच त्याला अर्थ. तुमची ती लेबलं म्हणजे माझी चार वर्षं आहेत, मावशी."

ताई काहीच बोलली नाही. मला सिंकखालून फक्त तिचे पाय दिसत होते. ते जागच्या जागी खिळले होते. आणि माझ्या हातातला पाना खाली पडला, कारण ती गप्प का झाली हे जगात फक्त मला माहीत होतं.

आता ते सांगतो. सांगायला तोंड नाही, तरी सांगतो.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या कवट्यांच्या खोलीतून पाण्याची लाइन मी टाकली होती. एक जॉइंट मी घाईत बसवला. टेप नीट गुंडाळली नाही, चालून जाईल म्हणालो. जोडून तीन दिवस सुट्टी आली, आणि पहिल्याच दिवशी तो जॉइंट सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई टाकीचं पाणी बदलायला आली तर खोलीत घोटाभर पाणी. छताजवळच्या पाइपातलं पाणी सगळ्या मांडण्यांवर उडून खोकी भिजून फुटलेली, कवट्या एकमेकींवर लोळतायत, आणि शाई धुऊन जाऊन लेबलं कोरी झालेली. हाडावर नंबर का नव्हता म्हणाल तर तेव्हाच्या साहेबांना हाडाला शाई लागलेली खपायची नाही. कवटी शोभेची दिसायला हवी! रजिस्टर वरच्या मजल्यावर सुखरूप होतं, पण रजिस्टरमधला कुठला नंबर म्हणजे यातली कुठली कवटी हे सांगणारं काही उरलं नव्हतं.

माझी पाचावर धारण बसली. विभागाचं काम गेलं असतं ते गेलं असतंच, पण शहरात नाव खराब झालं असतं. ताईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "पाणी उपस." मी दोन दिवस पाणी उपसलं, फरशी कोरडी केली, नवा जॉइंट घातला. ती दोन दिवस खाली बसून एकेक कवटी मांडीवर घ्यायची, डोळे मिटून हात फिरवायची, टाळूवरून, डोळ्यांच्या खोबणीतून, दातांवरून. मग नंबर म्हणायची आणि लेबल लिहायची. काही कवट्यांना एक मिनिट लागलं, काहींना तासभर. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. सुट्टी संपली तेव्हा खोली जशीच्या तशी होती. आम्ही दोघांनीही कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

त्या संध्याकाळी मी ताईला बजावलं, "गप्प बस. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, आता काय कळणार आहे?"

"ती पोरगी चार वर्षं राबलीय," ताई म्हणाली.

"तुझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. त्याचं काय?"

"नंबर चुकले असतील तर तिचं सगळंच खोटं होईल, बारक्या. आणि खोटं झालेलं तिला कळणारही नाही."

मी खूप आरडाओरडा केला. मला तसं केलं की बरोबर असल्यासारखं वाटतं. ताई ऐकत बसली आणि शेवटी म्हणाली, "जेवून जा."

दुसऱ्या दिवशी मी सिंकचं राहिलेलं काम करायला गेलो तेव्हा चष्मेवालीनं पहिलं खोकं उघडलं होतं, बारीकसं ड्रिल हातात घेतलं होतं. साहेब बघायला आले होते. ताई पुढे झाली आणि म्हणाली, "पोरी, थांब. त्या लेबलावर भरवसा ठेवू नकोस." आणि तिनं सगळं सांगितलं. पाणी, शाई, दोन दिवस, आठवणीनं लिहिलेले नंबर.

चष्मेवालीनं ड्रिल खाली ठेवलं. साहेबांनी विचारलं, "पाइप फुटला कसा? लाइन कुणी टाकली होती?"

"जुनी गोष्ट साहेब," ताई म्हणाली. "कोण लक्षात ठेवतंय!"

मी चार हातांवर पाना घेऊन उभा होतो. मूग गिळून उभा राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

साहेब वाईट माणूस नाहीत, पण नियमाचे पक्के. ते म्हणाले की लेबलं खरी ठरली नाहीत तर त्रेचाळीसही कवट्या संग्रहातून कमी कराव्या लागतील. बिननावाची हाडं ठेवून विभागाला उपयोग नाही. आणि ताईबद्दल वर कळवावं लागेल. ताईचं आयुष्य त्या खोलीत होतं आणि ते एका कागदावर जाणार होतं.

मग चष्मेवालीनंच विचारलं, "मावशी, यांच्यातलं दुसरं काही ठेवलंय का? मांस, कातडी, काहीही?"

ठेवलं होतं! वरच्या मजल्यावरच्या कपाटात, स्पिरिटच्या बाटल्यांत कातडीचे तुकडे होते. त्या बाटल्यांतली लेबलं पेन्सिलीनं लिहिलेली असतात, कारण स्पिरिटमध्ये शाई विरघळते आणि पेन्सिल टिकते. म्हणजे त्यांचे नंबर पक्के. पण सगळ्यांची कातडी ठेवलेली नव्हती. त्रेचाळीसपैकी अकराच बाटल्या निघाल्या. चष्मेवाली म्हणाली की अकरा कातड्या आणि त्याच नंबराच्या अकरा कवट्यांचे दात जुळवून बघू. एकच जनावर असेल तर लगेच कळेल. नसेल तर तेही कळेल.

पाच महिने लागले. पाच महिने आमचा जीव टांगणीला. ताई रविवारी आमच्याकडे यायची, बायकोबरोबर बटाटे सोलत बसायची आणि मध्येच सुरी थांबवून "तेरा... नाही, तेराच" असं पुटपुटायची. जेवणावरची वासना उडाली होती. कवट्यांच्या खोलीत जाणं तिनं सोडलं होतं. मी एकदा विचारलं, "ताई, तेव्हा खात्री होती ना तुला?"

"तेव्हा होती," ती म्हणाली. "आता स्वप्नात सगळ्या एकसारख्या दिसतात."

निकालाच्या दिवशी तिनं मला फोन केला. "बारक्या, तू चल माझ्याबरोबर." आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला कशासाठी तरी सोबत बोलावलं होतं. मी काम टाकून गेलो. कवट्यांच्या खोलीत साहेब, चष्मेवाली आणि आम्ही दोघं.

"अकरापैकी नऊ बरोबर," चष्मेवाली म्हणाली. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "मावशी, नऊ! डोळे मिटून!"

"दोन चुकल्या," ताई म्हणाली.

"अहो, पण नऊ..."

"दोन चुकल्या गं. कुठल्या?"

पाच आणि अठरा. पाचवर अठराचं लेबल होतं आणि अठरावर पाचचं. ताई खाली बघत राहिली. चष्मेवाली तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "का चुकल्या ते पण कळलंय मला. त्या दोघी मायलेकी आहेत."

ताईनं दोन्ही कवट्या मागितल्या. एक उजव्या मांडीवर घेतली, एक डाव्या. डोळे मिटले आणि दोन्ही हात एकाच वेळी दोघींच्या कपाळावरून फिरवले. "म्हणून," ती म्हणाली, "म्हणूनच हाताला एकच लागत होतं." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. माणसाच्या हाताला आईचा आणि लेकीचा सारखेपणा हाडातून कळतो, हे मी समोर बघत होतो. माझी तर मतीच गुंग झाली.

मग चष्मेवालीनं बाकीचं सांगितलं.

दाताची पूड आपली ओळ आपणच सांगते, तिला लेबल लागत नाही, म्हणून तिनं त्रेचाळीसही कवट्या तपासल्या होत्या. ताईच्या उजव्या भिंतीवरच्या सोळा कवट्या, त्यांत चौदा वेगवेगळ्या आईच्या ओळी निघाल्या. खोल समुद्र मोठा, तिथे सगळ्या घराण्यांची सरमिसळ. आणि डाव्या भिंतीवरच्या सत्तावीस कवट्यांत मिळून फक्त तीन ओळी. तीन आया! त्यातली एकही बाहेरच्यांत नाही. ताईनं हातानं लावलेल्या दोन भिंती, एकही कवटी इकडची तिकडे नाही.

"ही खाडी पूर्वी नव्हतीच," चष्मेवाली म्हणाली. "जगभर बर्फ साठलं होतं तेव्हा समुद्र खूप खाली होता. इथे जमीन होती, गवत असेल, जनावरं चरत असतील. मग बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि खाडी भरली. माझा अंदाज आहे, आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी बाहेरच्यांतल्या काही मोजक्या जणी आत शिरल्या आणि परत गेल्या नाहीत. इथेच शिकल्या, तळाशी मासे शोधायला, गढूळ पाण्यात वावरायला. उथळ पाण्यात उपयोगी पडतील असे काही गुण त्या बरोबर घेऊनच आल्या होत्या. ते खाडीपेक्षाही कितीतरी जुने आहेत. आणि त्या मोजक्या जणींतल्या तिघींच्याच लेकींच्या लेकी आजपर्यंत पोचल्या."

मी रोज त्या खाडीवरच्या पुलावरून जातो. खाली त्यांच्या पाठी वर येताना दिसतात, आणि मी मनात म्हणतो की आज कुठला नळ गळतोय. आठ हजार वर्षं एक आई, मग तिची मुलगी, मग तिची मुलगी, कुठेही न तुटता, माझ्या पुलाखालून जात होती. मला काय माहीत! कुणालाच काय माहीत!

"पण एक अडचण आहे," चष्मेवाली म्हणाली. "तिसरी ओळ. तिच्या दोनच कवट्या आहेत. एक साठ वर्षांपूर्वीची, आणि दुसरी एकोणतीस नंबर. खाडीत आज साठेक डॉल्फिन आहेत, त्यातल्या वीस जणींची कातडी मी तपासली. पहिली ओळ आहे, दुसरी आहे, तिसरी नाही. एकोणतीसच्या लेबलावर चोवीस वर्षांपूर्वीची तारीख आहे. दातांतल्या वलयांवरून ती बारा-तेरा वर्षांची मादी होती, म्हणजे पिल्लं झालेली असणार. ती तारीख खरी असेल तर तिची एखादी मुलगी आजही बाहेर पोहत असू शकते. उरलेल्या चाळीस जणींना तपासायची परवानगी मागता येईल. पण लेबल चुकलं असेल, ती पण जुन्यांपैकीच असेल, तर ती ओळ केव्हाच संपली असं धरतील. आणि एकोणतीसची बाटली नाही."

साहेब म्हणाले, "आठवणीच्या भरवशावर परवानगी मिळणार नाही. अकरात दोन चुकल्यात हे परवानगी देणाऱ्यांनाही दिसणार."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं एकोणतीस नंबर खोक्यातून काढली आणि मांडीवर ठेवली. तिचा अंगठा खालच्या जबड्यावर, डाव्या बाजूला, एका फुगीर गाठीवर जाऊन थांबला.

"मला खात्री आहे," ती म्हणाली. "पण दाखवायला काही नाही. आठवणीवरून, असं लिही." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच, ओझरतं. लगेच नजर खाली.

त्या एका नजरेनं मला कळलं. हिला माहीत आहे! चोवीस वर्षं मला वाटत होतं हिला माहीत नाही.

"एकोणतीस माझी आहे," मी म्हणालो.

साहेब वळून बघायला लागले. माझा आवाज चमत्कारिकच निघाला होता. पण एकदा तोंड उघडल्यावर मी थांबलो नाही.

"तेव्हा विभागाची गाडी बंद होती. किनाऱ्यावरून ही डॉल्फिन आणायला ताईनं मला माझी गाडी घेऊन पाठवलं. मांस शेडमध्येच उतरवायचं म्हणून कोळ्यांच्या मदतीनं ती अख्खीच चढवली आणि तेवढ्यात घरून निरोप आला, बायकोला कळा सुरू झाल्यात. मी सुसाट निघालो. मागचं दार नीट लावलं नव्हतं. वळणावर दार उघडलं आणि ही धाडकन रस्त्यावर पडली. जबडा मोडला. ताई मला फाडून खाईल म्हणून मी गाडीतली पुट्टी काढली, पाइपांना लावतात ती, दोन गोळे मळून एक करायचे की अर्ध्या तासात दगड होतो. फाटलेल्या जागेतून आत बोटं घालून जबडा बसवला आणि पुट्टी भरली. वरून कातडं ओढलं. हिला शेडमध्ये टाकली आणि हॉस्पिटलमध्ये गेलो. मला आत घेईनात, इतका वास येत होता. माझी मुलगी मी खिडकीतून पाहिली. तिच्या जन्माच्या दाखल्यावर तारीख आहे. बघा जुळते का."

चष्मेवालीनं लेबल पाहिलं, मग मला विचारलं. मी मुलीची जन्मतारीख सांगितली. तीच होती. तिनं त्या गाठीवर टोकदार सुईनं खरवडलं. वरचा पिवळट थर निघाला आणि आतून पाइपाच्या पुट्टीचा राखाडी रंग दिसला.

"आणि तो पाइपही माझाच होता साहेब," मी म्हणालो. "एकोणीस वर्षांपूर्वीचा. जॉइंट मी बसवला होता."

साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे नाही, ताईकडे वळले. "बाई, ही पुट्टी आहे हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"टाकीतून काढली त्या दिवसापासून. हाड कुठलं आणि पाइपाचा मसाला कुठला, मला कळत नाही होय?"

"मग आत्ता बोलला का नाहीत? हाच तर पुरावा होता! तुमची नोकरी पणाला लागली होती."

ताईनं एकोणतीस नंबर अलगद खोक्यात ठेवली.

"बाप होणार होता तो त्या दिवशी," ती म्हणाली. "धांदलीत पडली असेल. ते काय लोकांना सांगायचं असतं?"

मी, पन्नास वर्षांचा गडी, साहेबांसमोर हमसून हमसून रडलो.